पंचमाचा धैवत

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात दोन-तीन जणांनी विचारलं, ते गिटारचं खूळ अजून आहे की उतरलं? आहे. उलट वाढलंय. त्याचीच गोष्ट सांगतो. नातेवाइकांपैकी जे कोणी वाचतील त्यांनी बाबांपाशी यातलं काही काढू नये, एवढी विनंती. :)

आमच्या ऑस्टिनच्या घरात मागच्या खोलीत एक लांबट टेबल आहे. पाहुण्यांना ते इस्त्रीचं वाटतं. त्यावर दहा तारा आहेत, खाली तीन पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायचे चार खटके. याला पेडल स्टील गिटार म्हणतात. कंट्री गाण्यांत मागून जो रडवेला, घरंगळत जाणारा आवाज येतो ना, तो याचा. डाव्या हातात पोलादी दांडा धरून तारांवर सरकवायचा, उजव्या हातात तीन नख्या, उजवा पाय आवाज कमी-जास्त करायच्या पेडलवर, डावा पाय बाकीच्या तीन पेडलांवर. गाडी चालवता चालवता पोळ्या लाटाव्यात तसं आहे हे. मी चाळिशी उलटल्यावर याच्या नादी लागलो.

पेडलनं तार ताणली जाते आणि सूर चढतो. पाय काढला की सूर जागेवर. एवढंच. पण हे तार वाजत असताना करायचं, ही अक्कल सुचायला वेळ लागला. त्याआधी पेडल होती, पण मुख्यतः जुळणी बदलण्यासाठी. वेब पिअर्सच्या 'स्लोली' या १९५४ साली गाजलेल्या गाण्यात बड आयझॅक्स या वादकानं वाजत्या तारेवरच पेडल दाबलं आणि लोक चक्रावले. दोन सूर वर चढत होते आणि तिसरा जागचा हलत नव्हता. दांडा सरकवून हे होत नाही, कारण दांडा सगळ्या तारांना एकदमच नेतो. आयझॅक्सच्या एकाच पेडलनं हे दोन्ही बदल व्हायचे. पुढे बडी एमन्स आणि जिमी डे यांनी ते दोन पेडलांत वाटले. आज ज्यांना ए आणि बी म्हणतात ती ही दोन. शेजारी शेजारी असतात, डाव्या पायाचा पंजा दोन्हींवर मावतो आणि घोटा जरा कलता केला की एक सुटतं, एक राहतं. या वाद्याची निम्मी विद्या त्या घोट्यात आहे.

दोन वर्षं मी लिक शिकत होतो. लिक म्हणजे तयार तुकडा, आपल्याकडे गवई 'जागा' घेतात तसली. सगळ्यात पहिली शिकवतात ती सोपी आहे: चौथी, पाचवी, सहावी तार एकदम छेडायची, ए आणि बी दाबलेलं, मग दोन्ही सोडायची. झालं, कंट्री. पण सोडताना क्रम बदलला तर रंग बदलतो. आधी ए सोडलं आणि मग बी, तर कोणी दारात घुटमळून मग आत यावं तसं वाटतं. आधी बी सोडलं तर मधे क्षणभर मायनर कॉर्ड लागतो आणि त्याच सुरावटीला डोळ्यांत पाणी येतं. मी हे शंभर वेळा करायचो. असल्या चाळीसेक जागा पाठ होत्या. शिवाय कुठला कॉर्ड कुठे सापडतो त्याचा तक्ता: जी मेजर तिसऱ्या फ्रेटवर पेडलविना, सहाव्यावर ए पेडल आणि गुडघ्याचा एक खटका, दहाव्यावर ए-बी दोन्ही. पाठांतर चोख. मी इंजिनिअर माणूस, तक्ते मला आवडतात.

आई २०२१ मध्ये गेली. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आमच्याकडे आले. चार महिने राहिले. आमचे बाबा बँकेतून निवृत्त, पण गावात त्यांची ओळख पेटीवाले म्हणून. हौशी नाटक मंडळींत त्यांनी वर्षानुवर्षं ऑर्गनची साथ केली, पायाने भाता मारत. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मलाही पेटीवर बसवलं होतं. सहा महिने अलंकार घोटले. मग एका रात्री स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज ऐकू आला, "याला सूर नाही गं. उगाच पोराचा वेळ घालवायला नको." मी ऐकावं म्हणून बोलले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद झाली, कोणी काही विचारलं नाही. सारेगमशी माझा संबंध तिथे संपला.

इथे आल्यावर बाबा फार बोलत नसत. सकाळी फिरून यायचे, मग मोबाईलवर सांगलीचा पेपर वाचायचे. मी मागच्या खोलीत वाजवत असलो तरी तिकडे फिरकत नसत. तिसऱ्या आठवड्यात एकदा दारात येऊन उभे राहिले. जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "या सगळ्या जागा झाल्या. गाणं कुठंय?"

खोटं कशाला बोलू, डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षांनीही तेच! मी काही बोललो नाही. ते आत आले, वाकून पेडल बघितली, आणि म्हणाले, "हा पहिला खटका... पंचमाचा धैवत होतोय ना?"

मी दोन वर्षं त्याला 'बीचा सी शार्प' म्हणत होतो. तक्त्यात तसंच लिहिलेलं असतं. ई हा सा धरला तर बी म्हणजे पंचम, आणि ए पेडल त्याचा धैवत करतं. मग बी पेडल? ते जी शार्पचा ए करतं, म्हणजे गंधाराचा मध्यम. सी पेडल षड्जाचा रिषभ करतं आणि एका पंचमाचा धैवतही. गुडघ्याचा एक खटका सा उतरवून शुद्ध निषाद करतो. बाबांनी औषधाच्या पाकिटामागे दहाही तारा लिहून काढल्या: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. वरच्या दोन, रे आणि नी, क्रमाबाहेर का? त्या बडी एमन्सनं नंतर घातलेल्या. कॉर्ड लावायला त्यांची गरज नसते, म्हणून मी त्यांना हातही लावत नव्हतो.

"लाव बघू ओळीनं," बाबा म्हणाले.

आठवी तार सा. सातवी रे. सहावी ग. सहावीच, बी दाबून, म. पाचवी प. पाचवीच, ए दाबून, ध. मग एकदम दुसऱ्या तारेवर उडी, नी. चौथीवर वरचा सा. दांडा एका जागी, जराही हलवला नाही, आणि अख्खं सप्तक पायाखाली. माझ्या चाळीस जागांमधून मला हे कधीच दिसलं नव्हतं. बाबा दुसऱ्याच गोष्टीवर अडले होते. "गंधार चढा आहे." मी मशीनवर अचूक जुळवला होता हो! पण इथले मुरलेले वादकही गंधाराची तार मशीनच्या काट्यापेक्षा किंचित खालीच ठेवतात. मी ते वाचलं होतं आणि काट्यावर विश्वास ठेवून सोडून दिलं होतं. ती तार उतरवली, मग पेडलनं चढणारा मध्यमही टोकाचा नट फिरवून नव्यानं बसवावा लागला. अर्धा तास गेला. बाबा खुर्ची ओढून बसले, "अजून... अजून थोडा... बास" करत.

सा रे ग प ध. भूप. त्याला बी पेडल लागतच नाही, एकट्या ए वर होतो. गंधाराऐवजी मध्यम घेतला की दुर्गा, त्याला दोन्ही. पण बाबांना जे लागलं ते पंचमावरून धैवताला जाणं. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, तेव्हाचा एक मुख्य आक्षेप हाच की पेटीत मींड नाही. ती बंदी पुढे तीन दशकं टिकली आणि बाबांची पिढी तो टोमणा ऐकतच मोठी झाली. इथे पाय दाबला की सूर घसरत जातो आणि नेमका धैवतावर थांबतो, पुढे जाऊच शकत नाही. सावकाश दाबा, सावकाश जातो. बाबांनी मला पाच-सहा वेळा नुसतं तेवढंच वाजवायला लावलं.

मग म्हणाले, "काळी चार कुठं आहे यात?"

मोजलं. ई पासून चार घरं. चौथा फ्रेट. काळी चार आईची पट्टी. संध्याकाळी दिवा लावताना ती भूपातलं एक भजन गुणगुणायची. शब्द फारसे नसतच, नुसती चाल. बाबांनी ती हळू आवाजात धरली, मी शोधत शोधत मागे. वरच्या सा वरून धैवतावर उतरताना अडलो. पेडल फक्त चढवतात आणि गुडघ्याचा खटका सा ला निषादापर्यंतच उतरवतो. भूपात निषाद नाही. "होत नाही," मी म्हटलं. "मग ओढ दांडा." चौथी तार, तीन घरं मागे. झालं की. एवढं पेडलांचं यंत्र पायाखाली आणि ती जागा शेवटी साध्या दांड्यानंच निघाली.

चाल पूर्ण झाली तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते. मीही पेडलांकडे बघत होतो. "चहा टाकतो," म्हणाले आणि उठले.

त्या दहा वर्षांच्या मुलाबद्दल आमचं बोलणं झालं नाही. आता होईल असंही वाटत नाही. पण जायच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी ते येऊन बसायचे, आणि ते औषधाचं पाकीट अजून माझ्या स्टँडवर चिकटपट्टीनं लावलेलं आहे.

गेल्या आठवड्यात आईच्या तिथीला तीच चाल नीट रेकॉर्ड करून त्यांना पाठवली. खूप मेहनत घेतली होती, घोटा दुखेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं.

"ऐकलं. गंधार बरा आहे. धैवत अजून घाईत येतो. परत पाठव."

उद्या परत बसणार आहे.