आल्प्सच्या घाटरस्त्यावर

बत्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. त्यांपैकीं निदान वीस वर्षें ‘कुमारसंभवा’च्या आरंभींचें हिमालयवर्णन वर्गापुढें रंगवून सांगितलें, आणि खरें सांगावयाचें तर या सर्व काळांत बाजारांतील बर्फाच्या लादीपलीकडे हिम म्हणून कांहीं मीं पाहिलें नव्हतें. एखादा द्वाड विद्यार्थी विचारी, “गुरुजी, तुम्हीं पाहिलंय का हो?” त्याला “खालीं बस” एवढेंच उत्तर मिळे.

हिमालयास जाण्याचा आम्हां उभयतांचा बेत नव्हता असें नाहीं. बदरी-केदारासाठीं सौ.नें पोस्टांत थोडेथोडे पैसे सांठविलेही होते. परंतु एके वर्षीं धाकट्या बहिणीचें लग्न निघालें, पुढें मुलाच्या इंजिनिअरिंगची फी आली, आणि यात्रा ‘पुढल्या वर्षीं’वर गेली. तें पुढलें वर्ष उजाडेपर्यंत सौ.चे गुडघे गेले.

तोच मुलगा आज बारा वर्षें जर्मनींत म्युनिक शहरीं नोकरीस आहे. त्यानें नवी मोटार घेतल्याचें कळलें तेव्हां मला आनंद झाला असें लिहिलें तर तें असत्य होईल. इकडे वाईस आमच्या वडिलोपार्जित घराचीं कौलें दोन पावसाळे गळत होतीं. मीं ती गोष्ट त्याच्या कानांवर एकदां नव्हे, तीनदां घातली होती. “पाहतों, बाबा,” एवढेंच उत्तर. आणि तिकडे ही प्रशस्त गाडी! गेल्या जूनमध्यें आम्ही दोघें त्याच्याकडे गेलों, तेव्हां मनांत ही अढी घेऊनच मी विमानांत बसलों होतों.

पोंचल्यावर दुसऱ्याच शनिवारीं पहांटे तो आम्हांस घेऊन निघाला. मोटार विजेवर चालणारी. आवाज असा नाहींच. सीमा ओलांडून ऑस्ट्रियांत शिरलों आणि दहाच्या सुमारास फेर्लायटेनच्या टोलनाक्यापाशीं आलों. येथून ग्रोसग्लॉकनरचा घाट लागतो. ग्रोसग्लॉकनर हें ऑस्ट्रियांतील सर्वांत उंच शिखर, ३७९८ मीटर. त्याच्या कुशींतून जाणारा हा रस्ता ४८ किलोमीटर लांब असून त्यावर ३६ मोठीं वळणें आहेत आणि वळणांवर क्रमांक व उंची यांच्या पाट्या आहेत. फ्रान्स वालाक या स्थापत्यविशारदानें त्याची आखणी केली. १९३० सालीं काम सुरू झालें व ३ ऑगस्ट १९३५ रोजीं रस्ता खुला झाला. जागतिक मंदीचे ते दिवस. बेकार हातांना काम मिळावें हाही त्यामागील एक हेतु होता. हिंवाळ्यांत रस्ता बंद असतो. वसंतांत बर्फ कापून तो पुन्हां मोकळा करावा लागतो. पूर्वीं शेंकडों माणसें हें काम फावड्यांनीं करीत, आतां यंत्रें करतात.

पसरणीचा घाट मीं एस. टी.नें शेंकडों वेळां चढलों आहें. तेथें प्रत्येक वळणावर कर्णा वाजतो. येथें सारें निःशब्द. प्रथम सूचिपर्णी वृक्षांचें दाट अरण्य, मग केवळ गवत, मग उघडा खडक आणि त्याच्या भेगांतून पांढरे पट्टे. मी वळणें मोजीत होतों, सौ. डोळे मिटून कांहींतरी पुटपुटत होती.

२४२८ मीटरांवर फुशर ट्योर्ल नांवाची खिंड आहे. रस्ता बांधतांना जे मजूर मरण पावले त्यांचें स्मारक तेथें आहे. तेथें आम्ही उतरलों. मीं हात जोडले आणि वळून पाहतों तों सौ. कोणाचाही हात न धरतां गाडींतून उतरून उभी!

“आज गुडघे बरे दिसतात,” मी म्हणालों.

सूनबाई हंसून म्हणाली, “गुडघे तेच आहेत, बाबा. गाडीची बैठक बावीस इंचांची आहे.”

तेव्हां मला आठवलें. आदल्या दिवाळींत मुलानें दूरध्वनीवरून विचारलें होतें कीं, ओटीवरच्या ज्या बाकावरून आई आधार न घेतां उठते त्याची उंची किती? मीं टेप लावून बावीस इंच म्हणून सांगितलें आणि विसरून गेलों. त्या मापाची बैठक शोधीत तो दोन महिने दुकानें हिंडला होता. मी कौलें मोजीत होतों; तो बाक मोजीत होता. मला कांहीं बोलवेना.

पुढें होखटोरच्या बोगद्यापाशीं, २५०४ मीटरांवर, रस्त्याच्या कडेला नातवाच्या डोक्याहून उंच हिमाची भिंत उभी होती. सौ.ला वांकावेंही लागलें नाहीं. तिनें मूठभर हिम घेतलें, क्षणभर कपाळाला लावलें आणि म्हणाली, “अहो, हें तर जाड्या रव्यासारखें लागतें!” वीस वर्षांच्या माझ्या अध्यापनांत ही उपमा एकदांही आली नव्हती.

दुपारीं फ्रान्स-योसेफ-होए या सज्जावर गेलों. १८५६ सालीं सम्राट् फ्रान्स योसेफ येथें आला होता, तेव्हां पास्टेर्झे ही हिमनदी समोरची दरी भरून वाहत होती. आज ती खोल खालीं, दूर सरकलेली, दगडधोंड्यांनीं राखी झालेली दिसते. आणि जेथें बर्फ होतें तेथें तळें आहे. तिचा विस्तार सुमारें अर्ध्यावर आला आहे. बर्फाच्या कडेपर्यंत प्रवाशांना उतरविण्यासाठीं १९६३ सालीं तेथें तारेनें ओढली जाणारी गाडी बांधली होती. पुढें बर्फच तिच्यापासून लांब गेलें.

नातवाला मीं आदल्याच आठवड्यांत अमरकोशांतील पर्वताचीं नांवें शिकविलीं होतीं. तो म्हणाला, “आजोबा, पर्वत अचल ना? मग हें कां सरकलं?” मीं त्याला सांगितलें, पर्वत तेथेंच आहे; परंतु जगभर जाळलेल्या कोळशा-तेलाच्या धुरानें पृथ्वी तापत चालली आहे, आणि पर्वताचें हिम वितळत आहे. आम्हां दोघांना येथवर आणणाऱ्या विमानानेंही तो धूर सोडलाच होता; हें सांगतांना माझा स्वर आपोआप खालीं आला.

संध्याकाळीं हायलिगेनब्लूट गांवाकडे उतरूं लागलों. चढावर मोटारीच्या बॅटरीचा आंकडा ऐंशीवरून साठाच्या घरांत आला होता. उतारावर तो तीनानें वाढला. मीं कारण विचारलें. मुलगा म्हणाला, “उतारावर चाकंच मोटर फिरवतात आणि वीज तयार होते. चढताना गेलं तें सगळं परत येत नाहीं, बाबा, थोडं येतं.”

मागच्या बैठकीवर सौ. स्वस्थ झोंपली होती. मी म्हणालों, “अरे, कौलांचें आम्ही भाऊ पाहून घेऊं. तूं त्याची काळजी करूं नकोस.” त्यानें रस्त्यावरची नजर न काढतां नुसती मान हलविली.

दसऱ्यानंतर आम्हां दोघां भावांनीं कौलें बदलून घेतलीं. केदारनाथ आमच्या हातून राहिला तो राहिलाच. ज्यांच्या घरीं एखादा प्रवास अजून ‘पुढल्या वर्षीं’ म्हणून ठेवलेला असेल, त्यांनीं आईच्या बाकाची उंची आजच मोजावी, एवढेंच या वृद्ध मास्तरांचें सांगणें.