रोज एक पान

पहाटे साडेपाचला उठायचं, चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत पत्ते पिसायचे, असा गेल्या हिवाळ्यात माझा नेम होऊन गेला होता. डोळे मिटून प्रश्न मनात आणायचा, एक पान ओढायचं, ओट्यावर सुलटं करायचं आणि बघत राहायचं. मग वहीत चार ओळी लिहायच्या. प्रश्न रोज एकच असे. आईला पुण्याला आणायचं, की गावीच राहू द्यायचं?

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. तळकोकणातल्या त्या मोठ्या घरात आई एकटी. दिवाळीच्या तोंडावर ती न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण दोन तास ती तशीच पडून होती. शेजारची काकी दूध घेऊन आली तेव्हा कळलं. ते दोन तास माझ्या डोक्यातून जाईनात. भाऊ म्हणाला, घर बंद करू, तिला घेऊन जा. माझं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे तिचं खळं कुठून आणू, तिची तुळस कुठे लावू, आणि नाही आणलं तर पुढच्या वेळी ते दोन तास किती तासांचे होतील?

अशा दिवसांत एका मैत्रिणीने टॅरोचा कॅट हातात ठेवला. पानं 78, त्यांतली 22 मोठी, 56 छोटी. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही पानं निघाली ती खेळण्यासाठी. त्यांवरून भविष्य सांगण्याची चाल खरी फोफावली ती अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. माझ्या हातातला कॅट लंडनचा, 1909 सालचा. त्याची मांडणी आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. जुन्या बहुतेक कॅटांत आठ पेल्यांचं पान म्हणजे नुसते आठ पेले. पामेलाने छोट्या पानांवरही माणसं काढली. तिच्या पानावर पेले नीट रचून ठेवलेत आणि लाल झग्यातला एक माणूस त्यांच्याकडे पाठ फिरवून डोंगराच्या दिशेने निघालाय. वर चंद्र आहे. हे चित्र पाहून गप्प बसवत नाही. कोण हा? सगळं जागच्या जागी असताना का निघाला? उत्तर द्यायला जावं आणि आपलीच गोष्ट तोंडून बाहेर पडते. मला भविष्य नको होतं. मला हे बोलतं होणं हवं होतं.

त्या पानाखाली मी लिहिलं, ‘ही मी. बावीस वर्षांपूर्वी घर सोडून आलेली.’ दुसऱ्या एका सकाळी नाव आली. नावेत उभ्या रोवलेल्या सहा तलवारी, डोईवरून पदर घेतल्यासारखी बसलेली बाई, शेजारी मूल, मागे नावाडी. खाली लिहिलं, ‘आईला घेऊन निघाले आहे. ती मागे वळून बघत नाही, हे जास्त लागतं.’ आणि दोन तलवारींचं पान तर तीनदा आलं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई समुद्राकडे पाठ करून बसली आहे. छातीपाशी हातांची फुली आणि दोन्ही हातांत एकेक तलवार. आणायचं, की नाही आणायचं. दोन्ही हात भरलेले.

एकेचाळिसाव्या दिवशी दहा नाण्यांचं पान आलं. भरल्या घराचं पान म्हणतात त्याला. कमानीपाशी जोडपं आपसांत बोलतंय, एक मूल कुत्र्याच्या अंगाला हात लावतंय. पुढे, अगदी कडेला, द्राक्षवेलींच्या नक्षीचा अंगरखा घातलेला पांढऱ्या केसांचा म्हातारा बसलाय. घर बहुधा त्याचंच. पण जोडप्याचं त्याच्याकडे लक्ष नाही. तोंड वर करून त्याच्याकडे बघताहेत ती त्याची दोन कुत्री.

माझा हात थांबला. चहा उतू गेला तरी मी वही पहिल्या पानापासून वाचत होते. त्यात माझी भीती होती, माझा अपराध होता, भावाचं म्हणणं होतं, ऑफिसच्या रजा होत्या, लोक काय म्हणतील तेही होतं. आई काय म्हणते, हे एकेचाळीस दिवसांत एकदाही नव्हतं.

लहानपणी गावच्या देवळात कौल लावताना पाहिलेलं तेव्हा आठवलं. देवाला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्याआधी गुरव गाऱ्हाणं घालायचा. कोणाचं काय अडलंय, कशासाठी विचारतोय, हे मोठ्या आवाजात, चारचौघांत. ज्याच्याबद्दल विचारणं असेल तोही तिथेच हात जोडून उभा असायचा आणि सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. प्रश्न आधी माणसांच्या कानावर जायचा, मग देवाच्या. माझा प्रश्न ओट्यावरच्या पानांखेरीज कोणीच ऐकला नव्हता.

त्याच शनिवारी मी गावी गेले. संध्याकाळी खळ्यात आई सुपारी फोडत बसली होती. मी विचारलं, “आई, तुला काय वाटतं? तू कुठे राहावंस?” अडकित्ता थांबला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “इतक्या दिवसांत माका कोणी इचारूकच नाय.” आणि मग तिने जे सांगितलं, ते तिच्या मनात केव्हाचं तयार होतं. पावसाचे दिवस तिला एकटीला नको वाटतात. मिरग झाला की ती माझ्याकडे येईल. पण चवथीआधी घरी परत, कारण गणपती याच घरात बसणार. बाकीचे महिने रात्री सोबतीला काकीची नात येऊन झोपेल. त्या पोरीला अभ्यासाला शांत जागा हवीच होती.

दोन तलवारी धरून बसलेल्या मला ही तिसरी वाट दिसली नव्हती.

पत्ते मी टाकून दिले नाहीत. त्यांनी मला रोज एका जागी बसवलं, लिहितं केलं, आणि लिहिलं नसतं तर वहीत कोण नाही हे कळलंच नसतं. म्हणून कठीण निर्णय समोर असेल तर पान जरूर काढा, मन लावून बघा, लिहा. फक्त तो निर्णय ज्याच्या आयुष्याचा आहे, त्याला आधी विचारा.