बाबांचा श्वास आणि कागदी पिशवी

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं! पण ही गोष्ट माझ्या बाबांची आहे आणि बाबांशी मी मराठीतच बोलते. म्हणून ती मराठीतच लिहितेय.

आमचं घर भिवंडीत. बाबा एका पॉवरलूमच्या कारखान्यात मेहताजी आहेत. आमच्या गावात कुणालाही धाप लागली की लोक लगेच सांगतात, "कारखान्याची धूळ." कापसाचे बारीक तंतू छातीत जातात हे खरंच आहे. पण प्रत्येक वेळी तेच कारण नसतं, हे मी मागच्या पावसाळ्यात शिकले.

शनिवारी हॉस्टेलवरून घरी गेले होते. बाबांना दोन दिवस ताप आणि उलट्या. रात्री बघते तर ते पलंगावर बसून श्वास घेतायत, खोल, जोरात, एकसारखा, जणू चार मजले धावत चढून आलेत. शेजारचे काका म्हणाले, "दमा उठलाय." मला वाटलं, घाबरलेत. इंग्रजी सिनेमांत घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर कागदी पिशवी धरतात ना? मी फरसाणाची रिकामी पिशवी आणली आणि बाबांच्या तोंडावर धरली. "बाबा, हळू श्वास घ्या ना." त्यांनी ती हाताने झटकली. खरं सांगते, मला रागच आला.

शेवटी रिक्षा केली. अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी... ठाणे येईपर्यंत बाबांचा तोच भाता चालू. त्यांच्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत होता, तोही मला तेव्हा कळला नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इन्सुलिन कधी घेतलं?" बाबा कसेबसे म्हणाले, "जेवलोच नाही, तर इन्सुलिन कशाला?" दोन दिवस इंजेक्शन बंद होतं!

इन्सुलिन नसलं की पेशींना साखर वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. आपल्या रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 असतो. बाबांचा आला 7.12. दिसायला फरक किरकोळ, पण पीएच लॉगरिदमवर चालतो. म्हणजे आम्ल जवळजवळ दुप्पट झालं होतं.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची. टाकीतल्या पाण्याचा पीएच ताब्यात ठेवायचं प्रॅक्टिकल आम्ही केलंय आणि जर्नलमध्ये ग्राफही छान काढलाय. शरीराची सिस्टीम मात्र तीन मजली आहे. पहिला मजला बफरचा. रक्तातलं बायकार्बोनेट आम्लाला क्षणात पकडतं आणि त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. दुसरा मजला फुफ्फुसांचा. मानेतल्या रक्तवाहिन्यांजवळचे सेन्सर मेंदूला खबर देतात, श्वास वाढतो आणि तो कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. हे मिनिटांत होतं. तिसरा मजला किडनीचा. ती आम्ल लघवीतून काढते आणि नवं बायकार्बोनेट बनवते, पण तिला कित्येक तास, कधी दिवसही लागतात.

बफर म्हणजे आपला इन्व्हर्टर समजा. लाइट गेली की तो लगेच चालू होतो, पण बॅटरी संपेपर्यंतच. बाबांची बॅटरी संपत आली होती. बायकार्बोनेट 24 च्या आसपास हवं, ते 6 राहिलं होतं. कार्बन डायऑक्साइडचा दाब 40 च्या जागी 19 होता. तो त्या श्वासानेच खाली आणला होता. या श्वासाला कुसमॉल श्वसन म्हणतात. कुसमॉल या जर्मन डॉक्टरांनी 1874 मध्ये मधुमेहाच्या रुग्णांमध्ये त्याचं वर्णन केलं.

डॉक्टर मला म्हणाले, "तो श्वास म्हणजे आजार नाही. त्या श्वासानेच त्यांना इथपर्यंत आणलंय."

हॉस्टेलवर परत आल्यावर मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बायकार्बोनेट 6 च ठेवलं आणि बाबांचा श्वास "नॉर्मल" धरला, म्हणजे दाब 40. उत्तर आलं 6.8. तिथे माणूस जगणं फार कठीण. मी पुन्हा मांडून बघितलं. तेच उत्तर. कागदी पिशवीत माणूस स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत आत घेतो. म्हणजे मी प्रेमाने बाबांना त्या 6.8 कडेच ढकलत होते. त्यांनी पिशवी झटकली म्हणून बरं!

सलाईन, इन्सुलिन आणि वेळोवेळी पोटॅशियम तपासून दिलेली मात्रा, एवढ्यावर बाबा सावरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा श्वास आपोआप हळू झाला. कुणाला सांगावं लागलं नाही. आता ते पुन्हा कारखान्यात जातात, आणि घरी फोन केला की माझा पहिला प्रश्न असतो, "इंजेक्शन घेतलं?" ते म्हणतात, "हो गं, मॅडम."

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्येही इन्सुलिन घेणारे काही जण असतील. ताप आला, मेसचं जेवण गेलं नाही, तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि रूममेट उलट्या करत असा खोल श्वास घेताना दिसला, तर पिशवी शोधू नका. साखर तपासा आणि त्याला लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.

ती फरसाणाची पिशवी मी अजून जर्नलमध्ये ठेवलीये, त्या पीएचच्या ग्राफच्या पानात.