घोडनदीच्या वाटेवरची अश्वगंधा

मैत्रिणींनो, रांजणगावच्या महागणपतीला तुम्ही जातच असाल. पुढच्या खेपेला तिथूनच माघारी वळू नका. नगर रस्त्याने थोडं पुढे गेलं की शिरूर लागतं. जुनी माणसं या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. तिथून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघा. वाटेत भीमा ओलांडली की दौंड तालुका सुरू. पाणी पोचलं तिथं ऊस, न पोचलं तिथं माळ!

अशा कोरड्या मुलखात, बांधाला नि पडीक जागी, कंबरेएवढं एक राखट झुडूप दिसतं. पानं लवदार, फुलं बारीक हिरवट-पिवळी, आणि रसभरीसारख्या कागदी पिशवीत लालचुटूक फळ. हीच अश्वगंधा, कुणी आस्कंद म्हणतं, कुणी ढोरगुंज. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून हे नाव. शास्त्रीय नावातल्या ‘सोम्निफेरा’चा अर्थ झोप आणणारी.

औषधात वापरतात ते मूळ, बरं का! रात्री दुधातून चूर्ण घ्यायची चाल जुनीच आहे. अलीकडच्या लहान-लहान चाचण्यांतही झोप आणि मनावरचा ताण यांवर थोडाफार उपयोग दिसला आहे. पण म्हणून दिसलं झुडूप की उपट, असं करू नका. पानं-फळं तर तोंडात घालूच नयेत. पानं औषधात वापरू नयेत, असं आयुष मंत्रालयानं 2021 मध्ये उत्पादकांना बजावलं. डेन्मार्कनं तर 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली.

आता घरातली गोष्ट. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ही घेऊ नये. थायरॉइडची, साखरेची, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. यकृताचा त्रास असणाऱ्यांनी लांबच राहावं. घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर चूर्ण तत्काळ बंद करून दवाखाना गाठा. ‘झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय?’ असं म्हणून सुनेच्या पेल्यात चमचाभर घालणाऱ्या सासूबाईंनाही हे प्रेमानं सांगा.

आणि झोप का येत नाही, हेही एकदा तिला विचारा. पुष्कळदा औषध डब्यात नसतं. घरातलं थोडं काम दुसऱ्या कुणी उचललं, की डोळा लागतो!