फुगीर बाह्यांनी सांगितलेले साल



जुन्या फोटोमागे नाव-साल लिहिलेले नसले, तरी अंगावरचे कपडे आणि केसांची ठेवण पाहून काळ बराचसा ओळखता येतो. मी हे शिकले लेस्टरला, लेकीकडे तीन महिने राहिले तेव्हा. तिच्या शेजारच्या इंग्रज आजी ८७ वर्षांच्या. त्यांच्याकडे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या घरच्या फोटोंचा डबाच आहे. दुपारी आम्ही दोघी भिंग घेऊन बसायचो, मध्ये भाषा सांभाळायला लेक.

आधी पुठ्ठा बघायचा. पत्त्याच्या पानाएवढा छोटा फोटो इंग्लंडात १८६० च्या सुमारास घरोघर आला. त्याहून मोठे 'कॅबिनेट कार्ड' १८६६ नंतरचे. मग झगा. १८६० च्या आसपास तो पोलादी कड्यांच्या सांगाड्यावर घंटेसारखा फुगलेला. १८७० नंतर पुढून सपाट आणि फुगवटा फक्त मागे. केसांचेही तसेच. आधी मधोमध भांग आणि कानांवर चापून बसवलेले केस. १८८० नंतर कपाळावर कुरळ्या बटा. आणि बाह्या! १८९५ च्या सुमारास खांद्याशी फुग्यासारख्या, कोपराखाली घट्ट. ही तऱ्हा दोन-तीन वर्षांत ओसरली. मात्र वयस्कर बायका जुनीच तऱ्हा धरून असतात, म्हणून फोटोतली सर्वांत तरुण बाई पाहायची.

आजींच्या भिंतीवर एक फोटो होता. "ही माझी पणजी," त्या सांगायच्या. पणजी १८८२ मध्ये बाळंतपणात गेली, तेव्हा आजींचे आजोबा ४ वर्षांचे. पण फोटोतल्या तरुण बाईच्या बाह्या तर चांगल्याच फुगलेल्या! १८८२ मध्ये गेलेली बाई तशा बाह्या कुठून घालणार? ही पणजोबांची दुसरी बायको. घरात तिचे नावही कोणी काढत नसे.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आजोबा सांगायचे, आईने मला लिहायला शिकवले. म्हणजे ती आई हीच."

त्यांनी फोटो भिंतीवरच ठेवला. लग्नाच्या जुन्या नोंदीत तिचे नाव मिळाले, ते मागे लिहिले.

मैत्रिणींनो, दुसरेपणावर दिलेल्या आणि सवतीची मुले पोटच्यासारखी वाढवलेल्या बायका आपल्याही घराण्यांत आहेत. नऊवारीवरून साल चटकन कळत नाही. पोलक्याच्या बाह्या, नथ, केसांची ठेवण, मागचा स्टुडिओचा शिक्का, सगळे नीट पाहा. पण नाव शेवटी माणसालाच विचारावे लागते. घरातली थोरली बाई सांगू शकते आहे तोवर विचारून घ्या, आणि फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते.