पाच दिवसांचा धीर

तमिळ भाषेत पत्रांच्या वाहतुकीला 'अंजल' असा एक शब्द आहे आणि 'तपाल' असा दुसरा. पहिल्यापासून ई-मेलसाठी 'मिन्नंजल', म्हणजे विजेचे टपाल, हा शब्द घडला. दुसरा मराठी कानाला परका वाटण्याचे कारणच नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याचे राज्य होते. तंजावर आणि कुंभकोणम् येथे मराठी बोलणारी कुटुंबे आजही आढळतात, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे रुमाल जपून ठेवलेले आहेत. ज्या कोणी ते कागद प्रथम हाती घेतले, त्यांनी ते सांभाळण्याची जबाबदारीही घेतली, एवढीच त्यांच्या टिकण्यामागची साधी हकीकत आहे.

पत्र हाती घेणाऱ्याची ही जबाबदारी आज बहुतांशी यंत्राकडे गेली आहे. त्या यंत्राला मेल सर्व्हर म्हणतात. त्याची मांडणी करणारा माणूस एका फाईलीत काही ओळी लिहितो. त्यांतल्या काही ओळी यंत्राच्या कानाविषयी असतात, तर काही त्याच्या धीराविषयी. पहिल्या ठरवतात की दारावर कोण ऐकत बसेल आणि कोणाला आत घेईल. त्यालाच लिसनर, म्हणजे ऐकणारा, असे नाव आहे. दुसऱ्या ठरवतात की घेतलेले पत्र लगेच पोचले नाही तर ते किती काळ रांगेत ठेवायचे आणि किती वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. या ओळी लिहायला काही मिनिटे पुरतात. त्यांतील आकडे मात्र पुढे वर्षानुवर्षे, कोणी न पाहता, आपले काम करीत राहतात.

प्रथम ऐकणाऱ्याचा विचार करावा. पत्रे स्वीकारण्यासाठी सर्व्हर २५ क्रमांकाच्या पोर्टावर कान देऊन बसतो. तो केवळ स्वतःच्याच यंत्राचे ऐकेल की बाहेरच्या जगाचेही, एका वेळी किती जणांना उभे करील, आणि बाहेरून आलेले पत्र केवळ स्वतःच्या गावासाठी घेईल की तिसऱ्याच गावाला पोचवण्यासाठीही घेईल, हे सारे आधी ठरवावे लागते. आरंभीच्या काळात हा शेवटचा प्रश्न कोणी फारसा विचारीत नसे. आलेल्याला नाही म्हणू नये, हाच संकेत होता. या वृत्तीचे एक जुने रूप त्रिभुज प्रदेशात पाहायला मिळते. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी छत्रे उभारली. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र हे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातले. कोण आला, कोठून आला, हे न विचारता त्याला अन्न आणि निवारा द्यावा, हा छत्राचा धर्म. मेल सर्व्हरचेही प्रारंभी तसेच होते. सेंडमेल हा दीर्घकाळ सर्वत्र वापरला गेलेला कार्यक्रम १९९८ सालच्या ८.९ या आवृत्तीपर्यंत कोणाचेही पत्र कोणाकडेही पोचवायला मुळातच तयार असे. पुढे जाहिरातबाजांनी त्या सौजन्याचा असा फायदा घेतला, की पाहुण्यांच्या गर्दीत यजमानालाच जागा उरेना. मग दार लोटून घ्यावे लागले.

दार लोटण्यात कमीपणा नाही. उलट त्यात प्रामाणिकपणाची एक अट दडलेली आहे. ई-मेलच्या प्रमाण नियमांनुसार पत्राचा मजकूर संपल्यावर सर्व्हरने २५० हा अंक उच्चारला, की पत्र त्याचे झाले. त्यानंतर ते पोचवणे, किंवा पोचले नाही तर पाठवणाऱ्याला तसे कळवणे, या दोनांपैकी एक त्याला केलेच पाहिजे. मधल्या काळात यंत्र बंद पडले, ही सबब नियमांना मान्य नाही. म्हणून जे पेलणार नाही ते दारातच नाकारावे, आणि जे घेतले ते मरू देऊ नये. ऐकणाऱ्याच्या ओळी काळजीपूर्वक लिहायच्या त्या यासाठी.

घेतलेले पत्र पुढे जाईलच असे नाही. पलीकडचे यंत्र तीन प्रकारे वागू शकते. त्याच्या उत्तराचा पहिला अंक ५ असेल, तर तो कायमचा नकार. असा पत्ता नाही, किंवा हे पत्र घेणार नाही. पहिला अंक ४ असेल, तर अर्थ 'आत्ता नाही, पुन्हा या' एवढाच. तिसरा प्रकार मौनाचा. पलीकडून काहीच उत्तर येत नाही. या मौनाचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न नियम घडवणाऱ्यांपुढे होता, आणि त्यांनी तो उदारपणे सोडवला. मौन म्हणजे नकार न मानता, ते 'पुन्हा या' असेच मानायचे. पत्र परत न पाठवता रांगेत ठेवायचे.

या रांगेचे शास्त्र कावेरीच्या खोऱ्यातील माणसाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. तिरुच्चिरापळ्ळीजवळ मुक्कोंबु येथे कावेरीपासून कोळ्ळिडम् वेगळी होते. तेथून खाली कल्लणै, ज्याचे श्रेय परंपरा करिकाल चोळाला देते. त्या बंधाऱ्यापाशी कावेरी, वेण्णार आणि १९३४ सालचा कल्लणै कालवा अशी पाण्याची वाटणी होते. त्याच वर्षी पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणाची दारे १२ जूनला उघडावीत, असा रिवाज आहे. मात्र पाणी सोडले म्हणून ते सर्वांना एकदम मिळत नाही. पाणी कमी असले की पाळी लावावी लागते. तिला तेथे 'मुऱै' म्हणतात, महाराष्ट्रातील कालव्यांवर पाणीपाळी म्हणतात. कालव्याच्या दारांवर सरकारी लस्कर असतो. एका फाट्याचे दार तो बंद करतो, तेव्हा दुसऱ्याला पाणी मिळते. चांगल्या मेल सर्व्हरमधील रांगेचा व्यवस्थापकही असेच करतो. वीत्से वेनेमा यांनी घडवलेला आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेला पोस्टफिक्स घ्यावा. तो एका वेळी ठराविक पत्रेच चालू रांगेत घेतो. मूळ मांडणीत ही मर्यादा २०,००० आहे. एखाद्या ठिकाणाहून उत्तर येत नसेल, तर तिकडची पत्रे तो बाजूच्या रांगेत नेऊन ठेवतो, म्हणजे बंद दारामागे इतरांचा प्रवाह तुंबत नाही. बाजूला ठेवलेल्या पत्रासाठी तो प्रथम ५ मिनिटांनी प्रयत्न करतो, नंतर अंतर वाढवीत जातो, आणि तासाहून थोड्या अधिक अंतरावर येऊन स्थिरावतो. पलीकडचा आजारी असेल तर त्याचे दार सतत ठोठावून त्याचा आजार वाढवू नये, एवढी समज त्या अंतरामागे आहे.

आता मुख्य आकडा. हे असे किती दिवस चालायचे? १९८९ साली इंटरनेटवरील यंत्रांसाठी जे नियम एकत्रित झाले, त्यांत आशा सोडण्याचा काळ सामान्यतः निदान ४ ते ५ दिवसांचा असावा असे म्हटले होते. २००८ सालच्या सुधारित नियमांतही तेच शब्द कायम राहिले. पोस्टफिक्सच्या मूळ मांडणीत हा काळ ५ दिवसांचा आहे. बहुतेक व्यवस्थापक त्याला हात लावीत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी यंत्र बंद पडले, तर सोमवारी माणूस येऊन ते सुरू करील, आणि त्यानंतरही एक-दोन दिवस हाती उरतील, इतपत तो धीर पुरेसा आहे. ज्या गावांत वीज जाते ती काही तासांनी परत येते, त्या गावांसाठी हा आकडा योग्यच म्हणावा लागेल.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' चक्रीवादळ नागपट्टिणम् आणि वेदारण्यम् यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण भागात एक लाखाहून अधिक विजेचे खांब पडले. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडु या पट्ट्यातील नारळाच्या बागा आडव्या झाल्या. मोबाईलचे मनोरे मुके झाले. अनेक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. अशा वेळी ज्यांची पत्रपेटी दूरच्या शहरातील मोठ्या यंत्रावर होती, त्यांची पत्रे तेथे सुखरूप पडून राहिली. त्यांना ती वाचता आली नाहीत, एवढेच. परंतु एखाद्या शाळेने, सहकारी संस्थेने किंवा कचेरीने आपला सर्व्हर आपल्याच आवारात ठेवला असेल, तर त्याच्या दाराशी मौन सुरू होते. जगभरातील पाठवणारी यंत्रे त्या मौनाला 'पुन्हा या' समजून परत परत येतात. पाचव्या दिवसापर्यंत येतात. सहाव्या दिवशी पत्र परत फिरते, आणि पाठवणाऱ्याला निरोप मिळतो की पत्र पोचवता आले नाही. त्या निरोपात वादळाचा उल्लेख नसतो. वाचणाऱ्याला एवढेच कळते की त्या पत्त्यावर कोणी नाही. घर उभे असते, माणसे खांब उभारीत असतात, आणि पत्रव्यवहाराच्या लेखी ते गाव नाहीसे झालेले असते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा ५ दिवसांचा आकडा त्या गावाच्या फाईलीत नसतो. तो पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतो. चेन्नईत, पुण्यात किंवा परदेशात. कोणासाठी किती थांबायचे, हे थांबणारा ठरवतो, आणि ज्याच्यासाठी थांबायचे त्याने पाहिलेला पूर त्याने पाहिलेला नसतो. पेरावूरणी हा कल्लणै कालव्याच्या शेवटाकडचा भाग. तमिळमध्ये अशा भागाला 'कडैमडै' म्हणतात, महाराष्ट्रात अशांना टेलचे शेतकरी म्हणतात. आपले पाणी आपल्यापर्यंत पोचेल की नाही, हे वरच्या दारांवर ठरते, हा अनुभव त्यांना नवा नाही. त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये कावेरीला पूर असताना मुक्कोंबु येथील बंधाऱ्याची नऊ दारे कोसळली. पाणी विपुल असले तरी ते शेवटापर्यंत नेणारी व्यवस्था शाबूत नसेल, तर विपुलतेचा उपयोग नसतो. पत्रांचेही तसेच आहे.

मग शेवटच्या गावाने काय करावे? पाठवणाऱ्याचा धीर वाढवणे त्याच्या हाती नाही. पण आपल्या वतीने थांबणारा दुसरा कोणी नेमणे त्याच्या हाती आहे. आपल्या नावापुढे दोन सर्व्हरांची नोंद करता येते. पहिला आवारातला, आणि तो न भेटल्यास दुसरा, वादळाच्या टापूबाहेरचा. त्या दुसऱ्याच्या फाईलीत रांगेचे आयुष्य आपल्या मर्जीप्रमाणे ३० दिवसांचे लिहिता येते. बाहेरची पत्रे मग त्याच्याकडे विसावतात. वीज परतली की गावातील यंत्राने 'माझी रांग सोडा' असे म्हणण्याचीही सोय आहे. अधूनमधूनच जोडल्या जाणाऱ्या ठिकाणांसाठी ही आज्ञा १९९६ साली प्रमाणित झाली. अर्थात दुसऱ्या सर्व्हरला गावातील खऱ्या पत्त्यांची यादी द्यावी लागते आणि त्याच्या दारावर पहिल्याइतकाच कडक पहारा ठेवावा लागतो, अन्यथा जाहिरातबाज याच मागच्या दाराने शिरतात.

पण रांग लांबवणे हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. काही पत्रे उशिरा पोचण्यापेक्षा न पोचलेली बरी. कालच्या सभेचे निमंत्रण किंवा दहा मिनिटांपुरता वैध असलेला सांकेतिक अंक महिन्याने पोचून कोणाचे भले होत नाही. शिवाय थांबणाऱ्याने गप्प बसून थांबू नये. सेंडमेलची जुनी रीत अशी, की ४ तासांत पत्र गेले नाही तर पाठवणाऱ्याला सूचना द्यावी. प्रयत्न चालू आहेत असे सांगावे. पोस्टफिक्समध्ये ही सूचना मुळात बंद असते, ती मागून घ्यावी लागते. मदतीचा अर्ज पाठवणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी एवढे कळले, की तो दुसरा मार्ग शोधू शकतो. दूरध्वनी करील, किंवा कोणाला गाडीवर बसवून पाठवील. सहाव्या दिवशी कळले तर तो मार्गही बहुधा मिटलेला असतो.

त्रिभुज प्रदेशात कालवे-तळ्यांची निगा गावकऱ्यांनी स्वतः राखण्याच्या जुन्या प्रथेला 'कुडिमरामत्तु' म्हणतात. 'कुडि' म्हणजे प्रजा. दुसरा अर्धा शब्द मराठी माणसाच्या रोजच्या वापरातला 'मरामत' आहे. तमिळनाडू शासनाने २०१७ मध्ये याच नावाची योजना सुरू केली. मेल सर्व्हरच्या फाईलीलाही अशी मरामत लागते. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, ती उघडून पाहावी. ऐकणारा कोणाचे ऐकतो, रांग किती दिवसांची आहे, दुसरा सर्व्हर जागा आहे की नाही, उशिराची सूचना जाते की नाही, हे तपासावे. आकडा ठरवताना मूळ मांडणीकडे पाहण्याऐवजी शेवटच्या गावात सर्वांत जास्त दिवस वीज नव्हती ते वर्ष आठवावे. महाराष्ट्रातील शेजपाळीत पाणी शेवटाकडून सुरुवातीकडे द्यावे, असे तत्त्व मानले जाते, कारण वरच्याला पाणी कसेही मिळतेच. धीराचे मापही त्याच टोकाकडून घ्यायला हवे.