कच्चं बर्फ

बालमित्रांनो, "पाणी किती अंशांना गोठतं?" असं विचारलं, की तुम्ही एका सुरात ओरडाल, "शून्य!" मीही दरवर्षी वर्गात हेच शिकवते. पण हे उत्तर तोंडपाठ असूनही मी एकदा चांगलीच फसले. ऐका तर बाईंची फजिती!

२०२४ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही काश्मीरला गेलो होतो. तिथे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला 'चिल्लई कलां' म्हणतात. त्या वर्षी तिच्या सुरुवातीलाच श्रीनगरचं तापमान उणे ८.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. डिसेंबरातली इतकी थंड रात्र तिथे पन्नास वर्षांत झाली नव्हती! सकाळी दल सरोवराच्या घाटावर गेलो, तर काठाच्या पाण्यावर काचेसारखं बर्फ. माझा सात वर्षांचा भाचा नाचायलाच लागला. "मावशी, यावर चालू या ना!"

मी एक छोटा दगड टाकून पाहिला. बर्फ फुटलं नाही, दगड नुसता घरंगळत गेला. झालं! "थांब, आधी मी बघते," म्हणत मी शेवटच्या पायरीवरून पाऊल टाकलं. कर्रर्र… आणि पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात! जवळच्या शिकारावाल्या चाचांनी धावत येऊन मला मागे ओढलं. "बहनजी, यह बर्फ कच्ची है!" त्यांनी वल्ह्याने एक तुकडा फोडून दाखवला. जेमतेम दोन बोटं जाड! थोडं पुढे तर तेवढंही नव्हतं.

भाचा पोट धरून हसत होता. मला मात्र हसू येईना. तो वजनाने हलका. काठावरचं बर्फ त्याच्याखाली कदाचित मोडलंच नसतं. तो आणखी दहा पावलं पुढे गेला असता, आणि मग…?

असं का होतं, सांगू? पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वरच राहतं. म्हणून तळं वरून गोठतं आणि खाली पाणी तसंच राहतं. काठचं उथळ पाणी आधी गोठतं, मधलं नंतर. जिथे झरा असतो, पाणी वाहतं असतं किंवा पाणवनस्पती बर्फातून वर आलेल्या असतात, तिथे बर्फ पातळच राहतं. वर हिम पडलं, तर ते गोधडीसारखं ऊब धरतं. मग खालचं बर्फ सावकाश वाढतं. म्हणजे एकाच तळ्यावर इथे जाड, तिथे पातळ! थंड देशांत माणसाला चालायला निदान १० सेंटिमीटर जाडीचं, घट्ट आणि पारदर्शक बर्फ लागतं, असं सांगतात. पांढुरकं बर्फ त्याच्या निम्मंच मजबूत. आणि तरीही पूर्ण खात्री कुणीच देत नाही.

कुणी बर्फातून पाण्यात पडलंच, तर? गारठ्याने पहिला मिनिटभर धाप लागते. तेव्हा घाबरायचं नाही, डोकं वर ठेवायचं. मग आलो त्याच बाजूला वळायचं, कारण तिथलं बर्फ आपल्याला पेलत होतं. हात बर्फावर टेकून पाय जोरात मारायचे, आणि वर आल्यावर उभं न राहता लोळत काठाकडे जायचं. काठावरच्यांनी बर्फावर धावायचं नाही. मोठ्यांना हाका मारायच्या. दोरी, काठी, ओढणी जे असेल ते काठावरूनच पुढे करायचं.

तुम्ही म्हणाल, "बाई, आमच्या गावात कुठलं आलंय बर्फ?" खरंय. पण शेवाळलेली विहीर, खाणीतलं साचलेलं पाणी, पावसाळ्यातला ओढा तर आहे ना? वरून तेही शांतच दिसतं. म्हणून पाण्यात पाऊल टाकण्याआधी तिथल्या जाणत्या माणसाला विचारा. विचारण्यात कसली लाज? मी चाचांना आधी विचारलं असतं, तर माझा बूट तरी कोरडा राहिला असता!